अकरा मायकल मर्फी

फेस्टी लॅव्हेल बसमध्ये चढला की ड्रायव्हरसमोर मूठ उघडायचा. मुठीत हल्ली बरोबर चाळीस पेनी असत. म्हाताऱ्यांचं अर्धं तिकीट. नाणी पेटीत पडत, तिकीट बाहेर येई, फेस्टी ते घेऊन खिडकीशी जाऊन बसे. कुठे जायचंय ते सांगणं नाही, हवापाण्याचं बोलणं नाही, आभारसुद्धा नाहीत. मान तेवढी हलवायची. भाडं वाढणार असलं की तो आठवडाभर आधी वर्तमानपत्रात वाचून ठेवायचा, म्हणजे विचारायची पाळी येत नसे. असं त्याचं चोवीस वर्षं चाललं होतं.

ही शिस्त त्याची नव्हे, त्याच्या बायकोची. १९७४ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये आयरिश बंडखोरांचे बॉम्ब फुटले आणि एकवीस माणसं गेली. हे गाव तिथून बसने तासाभरावर. त्याच आठवड्यात डीलिया खाटकाच्या दुकानात रांगेत उभी होती. नंबर आल्यावर तिने पाऊण किलो मटण मागितलं. खाटकाने तिच्या मागच्या बाईकडे बघून विचारलं, “बोला बाई, तुम्हाला काय देऊ?” मागच्या बाईने सॉसेज घेतले. तिच्या मागच्या बाईने यकृत घेतलं. डीलिया तशीच घरी आली, कोट न काढता खुर्चीत बसली आणि नवऱ्याला म्हणाली, “चेहऱ्यावरून त्यांना काही कळत नाही. आपण तोंड उघडलं की कळतं. तेव्हा तोंड उघडायचं नाही.”

“किती दिवस?” फेस्टीने विचारलं.

“मी सांगेपर्यंत.”

तिने काही सांगितलं नाही आणि १९९५ साली ती गेली.

फेस्टी आयर्लंडमधला, मेयो जिल्ह्यातल्या अकिल बेटावरचा. बेटावरच्या डूईगा नावाच्या वस्तीत वाढला आणि बावीस वर्षांचा असताना इंग्लंडला आला. त्यानंतर बेचाळीस वर्षं त्याने इंग्लंडच्या जमिनीला चर पाडले. विजेच्या तारा, टेलिफोनच्या तारा, गटारं, गॅस. गावातल्या कुठल्या रस्त्याखाली काय आहे हे नगरपालिकेच्या नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. पण नगरपालिकेने त्याला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याने मान तेवढी हलवली असती.

बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी राहिलं नाही. मुलगा ऑस्ट्रेलियात. दर रविवारी फोन करायचा आणि स्वतःच बोलायचा. फेस्टी इकडे पाऊस आहे की नाही ते सांगायचा. राहता राहिला बुधवार.

बुधवारी दुपारी सेंट ब्रेंडन चर्चच्या हॉलमध्ये आयरिश म्हाताऱ्यांचं जेवण असे. खारवलेलं डुकराचं मांस, कोबी, सालासकट उकडलेले बटाटे, वर पांढरा सॉस. ब्रीज कॉन्लन नावाची बाई हे सगळं चालवायची. ती चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती आणि निवृत्तीनंतरही समोरच्या माणसाला पेशंट समजूनच वागायची. चाळीसेक माणसं येत. बारा वाजता फेस्टी हॉलचं दार ढकलून आत यायचा आणि बोलायला लागायचा. अकिलच्या मेंढ्या, १९५६ चा बर्फ, कोण कुठल्या चरात पडला, कुणाची सासू कशी मेली. तीन वाजता ब्रीज दिवे मालवायला लागली तरी तो बोलत असायचा. बुधवारी तो इतका बोले की गुरुवारी त्याचा घसा बसलेला असे. शुक्रवारपासून तो पुढच्या बुधवारची वाट बघे.

१९९८ च्या शरद ऋतूत चर्चने कळवलं की हॉलचं स्वयंपाकघर मार्चपर्यंतच चालेल, पुढचा खर्च झेपणार नाही.

ब्रीजला कळलं की अल्पसंख्य समाजांच्या म्हाताऱ्यांसाठी नगरपालिकेची जेवणं असतात. पंजाब्यांचं मंगळवारी होतं, जमैकावाल्यांचं गुरुवारी, पोलंडवाल्यांचंसुद्धा दुसऱ्या शनिवारी होतं. ती टोपी घालून नगरपालिकेत गेली आणि एक छापील तक्ता घेऊन परत आली. तक्त्यात चौकटी होत्या. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, कॅरिबियन, आफ्रिकन, चिनी. सगळ्यांत वर ‘गोरे’ आणि सगळ्यांत खाली ‘इतर’.

“आपण कुठे?” मॅटी गार्वीने विचारलं. मॅटी म्हणजे लीट्रिम जिल्ह्याचा माणूस, एकेकाळचा काँक्रीटवाला, आता दोन काठ्यांवर चालणारा.

“वर नाहीतर खाली,” ब्रीज म्हणाली.

“वरच्यांना जेवण मिळतं?”

“वरच्यांना मिळत नाही. ते अल्पसंख्य नाहीत.”

“आणि खालच्यांना?”

“आपण आहोत हे आधी सिद्ध करा म्हणतात.”

मॅटीने ताटातला बटाटा सोलून संपवला. “एकोणचाळीस वर्षं मी इथे आहे,” तो म्हणाला. “‘तू इथे कशाला आलास’ असं वीस हजार वेळा विचारून झालं. आता म्हणतात, तू आहेस कशावरून?”

तेव्हा यादी करायची ठरली. नाव, पत्ता, वय, जन्मगाव. पन्नास माणसं भरली तर समिती विचार करील, असं तिथल्या अधिकारी बाईने सांगितलं होतं. ब्रीज स्वतःच यादी करणार होती, पण त्याच आठवड्यात तिचं पित्ताशय दुखायला लागलं आणि तिला ऑपरेशनसाठी दाखल व्हावं लागलं. जाताना तिने पुठ्ठ्याला लावलेले कागद फेस्टीच्या हातात दिले.

“मीच का?” फेस्टी म्हणाला.

“तुझं अक्षर बरं आहे. आणि तू दारात उभा राहिलास तर कुणाला तुझी भीती वाटत नाही. पन्नास नावं. जमेल ना रे बाबा?”

“जमेल.”

जमलं. तीन आठवड्यांत फेस्टीने अठ्ठावन्न नावं जमवली. जे जेवायला येत त्यांची तर घेतलीच, शिवाय बुधवारी न येणाऱ्यांचीही घेतली. भाड्याच्या खोल्यांत एकटे राहणारे, पाय गेलेले, घराबाहेर न पडणारे असे कुठे कुठे आहेत हे त्याला माहीत होतं. सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं, पाकिटात घातलं आणि नगरपालिकेच्या पत्रपेटीत टाकलं. आत जाऊन दिलं असतं तर बोलावं लागलं असतं.

दहा दिवसांनी त्याच्या दाराची घंटा वाजली. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. तिने ओळखपत्र दाखवलं. जसबीर सोहल, नगरपालिका. फेस्टीने मान हलवून तिला आत घेतलं, खुर्ची दाखवली, चहा ठेवला. साखरेचा डबा पुढे करून भुवया वर केल्या. तिने दोन बोटं दाखवली. चहा होईपर्यंत तिला वाटत होतं की गृहस्थ मुका आहे.

“मिस्टर लॅव्हेल,” ती कागद काढत म्हणाली, “तुमचा पत्ता कॉन्लनबाईंनी दिला. तुमच्या यादीत अकरा मायकल मर्फी आहेत.”

फेस्टीने विचार केला. “असतील,” तो म्हणाला.

“सहा पॅट्रिक केली आहेत.”

“हो.”

“मतदारयादीशी ताळा करून पाहिला. अठ्ठावन्नांत तेवीस सापडल्या, त्या सगळ्या बायका. पुरुषांपैकी एकही नाही. आणि तुम्ही स्वतः तुमच्याच यादीत नाही आहात.”

“आहे की. चौतीस नंबर.”

तिने चौतीस नंबर पाहिला. “इथे टॉमस हीनी लिहिलंय.”

“तोच.”

सोहलबाईंनी कप खाली ठेवला. आता सांगावंच लागणार होतं, आणि फेस्टीला ते जड गेलं, कारण त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

पहाटे पाच वाजता ठेकेदाराच्या गाड्या ठरलेल्या कोपऱ्यावर येत. मुकादम रांगेवरून नजर फिरवी, बोटाने माणसं निवडी आणि कागद पुढे करून नाव विचारी. आपलं नाव कुणी सांगत नसे. नाव सांगितलं की ते कर खात्याकडे जाई, सैन्यभरती खात्याकडे जाई, काहींचं गावाकडच्या बायकोकडे जाई. एक नाव घरासाठी, एक कामासाठी. मॅटी गार्वी कामावर मायकल मर्फी होता. फेस्टी टॉमस हीनी होता. टॉमस हीनी हे त्याच्या शाळेतल्या मास्तरांचं नाव. ते वेताच्या छडीने मारत. मुकादम हीनीच्या नावाने शिव्या घाली तेव्हा फेस्टीला फारसं वाईट वाटत नसे.

“पण हे सगळं तुम्हाला माहीत होतं,” सोहलबाई म्हणाल्या. “या माणसांना तुम्ही तीस वर्षं ओळखता.”

“ओळखतो ना.”

“मग मॅटी गार्वी समोर बसून मायकल मर्फी म्हणाला तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“मायकल मर्फी लिहिलं.”

“का?”

फेस्टीला प्रश्नच कळेना. “बाई, हातात कागद घेऊन आपण नाव विचारायचं, आणि माणसाने सांगितलं की म्हणायचं, हे तुझं नाव नव्हे? असं कुणी करतं का? मुस्कटात मारतील.”

“आणि तुमचं स्वतःचं? तिथे तर विचारणारे तुम्हीच होता.”

“हातात पुठ्ठा होता,” फेस्टी म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

सोहलबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चहा पुन्हा उचलला. खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, “माझे वडील इथल्याच फाउंड्रीत होते. तुमच्यासारखं गप्प राहून त्यांना काही उपयोग नव्हता. पगडी लांबूनच दिसायची.”

“म्हणजे त्यांची ती एक कटकट तरी वाचली,” फेस्टी म्हणाला.

“दुसऱ्या बऱ्याच होत्या.”

“तेही खरंच.”

जाताना त्या म्हणाल्या, “येत्या मंगळवारी समितीची बैठक आहे. अध्यक्षांना ही यादी म्हणजे शुद्ध फसवणूक वाटते. खरी नावं आणा, नाहीतर स्वतः येऊन समजावून सांगा. माझ्याने यापेक्षा काही होणार नाही.”

“मी बोलायचं? तिथे?”

“तुम्हीच बोलायचं. यादीवर सही तुमची आहे.” त्यांनी कागद पाहिला. “म्हणजे हीनींची.”

बुधवारी ब्रीज हॉस्पिटलातून परत आली, पोटाला हात धरून उभी राहिली आणि तिने सगळ्यांना उभं-आडवं घेतलं. “गाढवांनो! बायकांनी नावं तरी खरी दिली.”

“वयं नाही दिली,” मागून कुणीतरी म्हणालं.

“वयांचं सोडा! चला, एकेकाने या आणि खरं नाव लिहा. मॅटी, तू पहिला.”

“मी डॉक्टरलासुद्धा दिलेलं नाही,” मॅटी म्हणाला. “गेल्या वर्षी मर्फीचा मोतीबिंदू काढला. दिसतं मला.”

“मॅटी, जेवण बंद होईल रे.”

“घरी अंडं उकडून खाईन.”

“आणि बोलशील कुणाशी, अंड्याशी?”

मॅटीने दुसरा बटाटा सोलायला घेतला. हॉलमध्ये काट्याचमच्यांचा आवाज तेवढा राहिला. फेस्टीने एकेका टेबलापाशी जाऊन पाहिलं. पॅट केली म्हणाला, पेन्शनचं काही निघेल. दुसरा म्हणाला, गावाकडे रॉसकॉमनला एक बाई आहे, तिला मी मेलोय असं वाटतं, तसंच राहू दे. तिसरा नुसता पुठ्ठ्याकडे बघत राहिला. ही माणसं खोटारडी नव्हती. उधारीचा चहा बुडवणारा त्यांच्यात एक नव्हता. पण कागदावर स्वतःचं नाव लिहायचं म्हटलं की हात थांबायचा, बर्फात पाण्याचा नळ थांबावा तसा.

तीन वाजले. ब्रीज दिवे मालवू लागली. फेस्टी दारात उभा होता आणि त्याला एप्रिलमधला बुधवार दिसत होता. मंगळवारसारखाच.

“नावं राहू द्या,” तो अचानक म्हणाला. “कागदावर काही नको. मंगळवारी सगळ्यांनी यायचं. आपण आहोत का नाही ते त्यांनी मोजून घ्यावं.”

“आणि तिथे बोलणार कोण?” मॅटीने विचारलं.

“मी.”

मॅटीने काठ्या टेकल्या आणि त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मग तर मी येतोच,” तो म्हणाला. “हे बघायला मी मेलेला असलो तरी येईन.”

मंगळवारी सकाळी नऊ वाजता चर्चच्या थांब्यावर चोपन्न माणसं जमली; बुधवारी न येणाऱ्यांनाही फेस्टीने घरोघर जाऊन बोलावलं होतं. पुरुषांनी अंत्ययात्रेचे कोट घातले होते, बायकांनी लग्नाच्या टोप्या. सतरा नंबरची बस आली. फेस्टीने मूठ उघडली, चाळीस पेनी टाकले, मान हलवली, आत गेला. त्याच्यामागून ब्रीजने मूठ उघडली. मग मॅटीने. मग पॅट केलीने. चोपन्न माणसं, चोपन्न मुठी, प्रत्येकीत बरोबर चाळीस पेनी. फेस्टीला आजवर वाटत असे की ही युक्ती एकट्या डीलियाची. तो खिडकीशी बसून एकामागून एक उघडणाऱ्या मुठी बघत राहिला.

बस खालीवर भरली आणि आत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. ड्रायव्हरने दोन थांबे वाट पाहिली. मग आरशात बघून, ओठ मोठे हलवत, एकेक शब्द तोडून तो ब्रीजला म्हणाला, “बहिऱ्यांच्या – शाळेची – सहल – का?”

ब्रीजने ‘हो’ अशी मान हलवली.

समितीची खोली लाकडी होती. लांब टेबलापाशी सात माणसं बसली होती. मधोमध अध्यक्ष, मिस्टर प्रॉक्टर. पूर्वी त्यांचं बुटांचं दुकान होतं. कडेला सोहलबाई. वीस खुर्च्या होत्या, म्हणून बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. प्रॉक्टरसाहेबांनी चष्मा लावला, यादी उचलली.

“यात मायकल मर्फी कोण?”

अकरा हात वर झाले. मॅटीने हाताऐवजी काठी वर केली.

“मी थट्टा करत नाही,” प्रॉक्टर म्हणाले.

“आम्हीही नाही, साहेब,” त्यांतला एक मर्फी म्हणाला.

प्रॉक्टरांनी यादी खाली ठेवली. “मिस्टर हीनी. का लॅव्हेल? मला एक सांगा. तुम्ही गोरे आहात. बोलता इंग्रजी. तुमची चर्चं आहेत, पब आहेत. माझी आजीही आयर्लंडची, कॉर्कची होती. तुम्ही आमच्यासारखेच आहात. मग वेगळं जेवण कशासाठी?”

फेस्टी उभा राहिला. त्याने आदल्या रात्री चार वाक्यं पाठ केली होती, ती चारही गेली. त्याची मूठ आपोआप उघडली, पण तिच्यात काही नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला, “मी चोवीस वर्षं बसमध्ये बोललो नाही.”

“कुणी मनाई केली होती का?”

“नाही.”

“मग?”

“कुणी मनाई केली असती, तर तक्रार करता आली असती.”

प्रॉक्टरांनी पेन हातात घेतलं आणि काही लिहिलं नाही.

“तुम्ही म्हणता आम्ही तुमच्यासारखे,” फेस्टी पुढे म्हणाला. त्याचा आवाज त्याला बुधवारच्यापेक्षा फार बारीक वाटत होता. “गप्प असलो की असतो. तोंड उघडलं की परत जा म्हणतात. एकाच दिवशी दोन्ही ऐकलंय, एकाच माणसाकडून, मध्ये फक्त मी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं होतं. ह्या तक्त्यात बघायला गेलो तर वर आम्ही मावतो, पण मूग गिळून. बुधवारी तेवढं…” इथे तो थांबला. बुधवारी काय होतं ते त्याला इंग्रजांच्या खोलीत सांगता येईना. “बुधवारी मटण मागितलं तर मटण मिळतं,” तो म्हणाला आणि खाली बसला.

“बुधवारी डुकराचं असतं,” मॅटी कुजबुजला.

“गप रे.”

प्रॉक्टर म्हणाले, “हे सगळं ठीक आहे. पण पन्नास लोकांचा पुरावा म्हणून मी काय दाखवू? नावं तुम्ही देत नाही.”

सोहलबाईंनी हात वर केला. “अध्यक्षमहोदय, नाव राहू दे. गाव विचारून पाहू या का? जन्मगावाचा रकाना आहेच.”

“गाव तरी खरं सांगतील कशावरून?”

यावर खोलीतल्या चोपन्न माणसांत चुळबुळ झाली. नावावर बोललं तर कुणाला काही वाटलं नव्हतं. हे मात्र त्यांना लागलं.

“ड्रमअनाफर,” मॅटी दोन्ही काठ्यांवर ताठ होत म्हणाला. “ड्रमकीरनच्या वर, डाव्या हाताला. लीट्रिम. लिही पोरी.”

सोहलबाई लिहू लागल्या. एकेक जण बोलू लागला. वस्ती, मग चर्चचा परगणा, मग जिल्हा. पहिल्या दहा जणांपर्यंत ते शिस्तीत चाललं. अकरावा म्हणाला, “बार्नाकॅरिग, बोहोला परगणा.” खिडकीजवळून एक आवाज आला, “बार्नाकॅरिग बोहोलात कधीपासून आलं?”

“जन्मापासून.”

“ओढ्याच्या अलीकडचं बोहोलात. पलीकडचं नाही.”

“तुला काय माहीत?”

“मी पलीकडचा आहे!”

दोघे एकमेकांकडे वळले. दोघेही यादीत मायकल मर्फी होते, चौथा आणि नववा. दोघेही कधी बुधवारी येत नसत. इथल्या गावात अर्ध्या मैलाच्या अंतरावर दोघे तीस वर्षं राहत होते.

“कुणाचा तू?” नवव्याने विचारलं.

“विलीचा.”

“आंधळ्या विलीचा? तू मेलास ना पण?”

“कोण म्हणालं?”

“माझी आई. एकसष्ट साली पत्रात लिहिलं होतं.”

“तो माझा भाऊ. पण तुझ्या आईने माझ्याबद्दल काय म्हटलं होतं?”

“चांगला होता म्हणाली.”

“भाऊ चांगला होता,” चौथा मर्फी म्हणाला. “मी तो नव्हे.”

त्यानंतर काही शिस्त राहिली नाही. ओढा कुठून वळतो यावर स्लायगो जिल्ह्याच्या एका बाईने मत दिलं. तिला तिकडचं काही माहीत नाही असं दोघांनी सांगितलं. पॅट केली आणि दुसरा पॅट केली एका शाळेच्या छपरावरून भांडू लागले. ब्रीजने पोट धरून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि लगेच स्वतःच कुणाला तरी म्हणाली, “छे! तो पूल मॅकगोल्डरिकच्या शेतात नाहीच मुळी!” समितीतल्या सात जणांना यातला एक शब्द कळत नव्हता. प्रॉक्टरसाहेबांनी तीनदा टेबलावर थाप मारली. चौथ्यांदा मारली नाही. टोपणाने पेन बंद करून ते खुर्चीत मागे टेकले, आणि बुटांच्या दुकानात गिऱ्हाईक निर्णय घेत नसताना बसत तसे बसून राहिले.

पाऊण तासाने सोहलबाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. “चोपन्न,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाला कुणी ना कुणी दुरुस्त केलंय, तेव्हा पडताळणी झालीच म्हणायची.”

एक वर्षापुरतं जेवण मंजूर झालं. दिवस मात्र बुधवार मिळाला नाही, कारण बुधवारी नगरपालिकेच्या स्वयंपाकघरात दुरुस्ती असे. सोमवार मिळाला. तक्त्यात नवी चौकट काढायला वरची परवानगी लागते, म्हणून तोवर ‘इतर’च्या पुढे हाताने ‘आयरिश’ लिहायचं ठरलं. प्रॉक्टर जाता जाता फेस्टीला म्हणाले, “माझी आजी कॉर्कची होती ते मी उगीच बोललो. कॉर्कमधलं कुठलं ते मला माहीत नाही.”

“शोधून काढा,” फेस्टी म्हणाला. “सोमवारी कुणाला तरी माहीत असेल.”

परतीला तीच सतरा नंबरची बस होती, ड्रायव्हरही तोच. दार उघडलं आणि ओढा, पूल, छप्पर, आंधळा विली सगळेच एकदम आत शिरले. चौथा मर्फी नवव्याचा दंड धरून चढला आणि पैसे टाकताना बोलणं काही थांबवलं नाही. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला.

“सकाळी तर हे बहिरे होते,” तो स्वतःशीच म्हणाला.

फेस्टी सगळ्यांत शेवटी चढला. खिशात चाळीस पेनी मोजून ठेवलेले होते. त्याने हात खिशातच ठेवला. डीलियाने अजून सांगितलं नव्हतं, आणि आता ती सांगणारही नव्हती.

“सेंट ब्रेंडन चर्च,” तो म्हणाला. “एक. म्हाताऱ्याचं.”

“काय?” ड्रायव्हर म्हणाला.

फेस्टीचे कान तापले. “सेंट ब्रेंडन. चर्चपाशी.”

ड्रायव्हरने कपाळाला आठ्या घालून कान पुढे केला. अकिलचं बोलणं त्याला लागेना. खिशात फेस्टीची मूठ वळली. आता ती उघडली की झालं. मागे बस एकदम शांत झाली होती. त्रेपन्न माणसं बघत होती.

“अरे मोठ्याने बोल, फेस्टी लॅव्हेल!” मागच्या बाकावरून मॅटी ओरडला. “बिचारा बहिरा आहे.”

फेस्टीने तिसऱ्यांदा सांगितलं, मोठ्याने. मग पैसे टाकून तिकीट घेतलं, आणि आभार मानायचे राहिले होते म्हणून वळून तेही मानले. ड्रायव्हरला तेही कळलं नाही. पण त्याने मान हलवली.